वाऱ्याचा मोजा

छिमेद आंगमो आयुष्यात कधी हेलिकॉप्टरमध्ये बसली नाही. तरी आमच्या रांगसरच्या मैदानावर बावीस हिवाळे एकही हेलिकॉप्टर तिच्या शब्दाशिवाय उतरलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. तिचा शब्द खोऱ्याबाहेर पोचवणारा माणूस मीच होतो. गावात वायरलेसचं यंत्र होतं, त्यावर माझी नेमणूक होती. अजूनही लोक मला ‘वायरलेस’च म्हणतात. माझं नाव पलदेन आहे, पण ते आठवायला माझ्या बायकोलासुद्धा जरा वेळ लागतो.

तेव्हा खिंडीखालचा बोगदा झालेला नव्हता. कार्तिकात खिंड बंद झाली की वैशाखापर्यंत आमचं लाहौल म्हणजे झाकण लावलेला डबा. निम्मं गाव मुलाबाळांच्या शाळेसाठी कुल्लूला उतरायचं, निम्मं गुरांजवळ राहायचं. छिमेद राहणाऱ्यांतली. तिचा नवरा फुंचोग दोन्ही मुलांना घेऊन खाली जायचा आणि ही दोन गाई, अकरा मेंढ्या आणि एक सासू सांभाळत इथे. सासू म्हणायची, “तुझा नवरा अर्ध्या वर्षाचा. भांडणंही अर्धीच होतात. नशीबवान आहेस.”

सरकारने हिवाळ्यातलं हेलिकॉप्टर सुरू केलं तेव्हा गावात सपाट अशी एकच जागा निघाली, ती म्हणजे छिमेदच्या सासऱ्याचं जवाचं शेत. त्यावर चुन्याने मोठं अक्षर काढलं, कडेला लोखंडी खांब पुरला आणि खांबाच्या टोकाला केशरी कापडाची एक नळी बांधली. पहिल्याच हिवाळ्यात वीस दिवसांत वाऱ्याने त्या नळीच्या चिंध्या केल्या. कुणी लक्षही दिलं नाही. मग एका सकाळी हेलिकॉप्टर आलं, गावावर दोन घिरट्या घातल्या आणि तसंच माघारी गेलं. खाली अडलेली बाळंतीण खाटेवर झोपवून आणली होती. वायरलेसवर कप्तान ओरडत होता, “तुमचा विंडसॉक कुठाय? वारा कुठून आहे ते दिसल्याशिवाय मी उतरणार नाही!”

“काय नाही म्हणतोय तो?” बायकांनी मला विचारलं.

“मोजा,” मी म्हणालो. “वाऱ्याचा मोजा नाही म्हणतोय.”

आमच्याकडच्या बायका चालता चालतासुद्धा लोकरीचे मोजे विणतात. एवढं संकट समोर असूनही त्यांना हसू आवरेना.

“वाऱ्याला पाय किती गं?”

“एकच असणार. म्हणून तर मेला असा धडपडत येतो.”

छिमेद हसली नाही. घरी गेली. रस्त्याच्या गँगवाल्यांनी टाकून दिलेली केशरी ताडपत्री तिने धुऊन ठेवली होती, ती काढली. लग्नातल्या घागऱ्याचं पांढरं अस्तर उसवलं. एक पट्टा केशरी, एक पट्टा पांढरा, असं जोडत तिने दुपारपर्यंत बाहीसारखी लांब नळी शिवली. एक तोंड रुंद, दुसरं अरुंद. रुंद तोंडाला विलोच्या ओल्या फांदीचं कडं बसवलं. खांबावर चढली ती स्वतःच, कारण पुरुषमाणसं ‘शिडी कुठाय’ यावर वाद घालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर उतरलं आणि बाळंतिणीला घेऊन गेलं. तिला मुलगी झाली.

तेव्हापासून दर वर्षी मटार काढून झाले की छिमेद नवा मोजा शिवायची. आणि शिवता शिवता, बघता बघता, तिला वारा कळायला लागला. कसा, ते तिलाही सांगता यायचं नाही. सकाळी सातला मी वायरलेसचा माईक हातात घेऊन खिडकीतून ओरडायचो, “आचे, मोजा कसा आहे?” आचे म्हणजे आमच्यात थोरली बहीण. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

ती खांबाखालून उत्तर द्यायची. “झोपलाय.” किंवा “कूस बदलतोय.” किंवा “जेवून तट्ट झालाय.” आणि सगळ्यांत वाईट म्हणजे “पिसाळलाय.”

सुरुवातीला मी हे सगळं आकड्यांत बसवून पुढे सांगायचो. एकदा चाको नावाचा केरळचा कप्तान वैतागला. “तुझे आकडे ठेव तुझ्याजवळ,” तो म्हणाला. “बाई काय म्हणाली तेवढं सांग.” पुढे कुल्लूच्या तळावर सगळ्या कप्तानांना हे चार शब्द पाठ झाले. नवीन माणूस आला की आधी त्याला तेच शिकवायचे.

आता जे सांगतो ते चौदाव्या हिवाळ्यातलं. माघ लागला होता. कुल्लूहून निरोप आला, फुंचोगच्या छातीत पाणी झालंय, हालत नाजूक आहे, बायकोला पाठवा. प्रवाशांच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं. तिने गाठोडं बांधलं, त्यात त्याच्यासाठी विणलेले नवे मोजे ठेवले. आणि त्याच संध्याकाळी वारा उठला.

अकरा दिवस तो वारा होता. रोज सकाळी सातला छिमेद काखेत गाठोडं घेऊन खांबाखाली उभी राहायची, वर बघायची आणि सांगायची, “पिसाळलाय. येऊ नका म्हणावं.” मी ते पुढे सांगायचो. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. बाहेर जाऊन तिच्या कानाशी म्हणालो, “आचे, आज जरा कमीच वाटतोय की. ‘कूस बदलतोय’ सांगू का? चाको येतो म्हणतोय. तुझ्या शब्दावर तो डोळे मिटून उतरेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. पापण्यांवर हिमकण साचले होते. “पलदेन,” ती म्हणाली, “त्यालाही घरी बायको असेल ना रे.”

नवव्या दिवशी फुंचोग गेला. तो निरोप आधी माझ्या कानात पडला आणि मग मी तिला सांगितला.  तिने गाठोडं सोडलं, गाईंना पाणी दाखवलं. दहाव्या दिवशी सकाळी सातला ती पुन्हा खांबाखाली होती, कारण यादीत आणखी सात नावं होती. “पिसाळलाय,” तिने सांगितलं. बाराव्या दिवशी वारा पडला, हेलिकॉप्टर आलं. तिची जागा राखलेली होती. ती म्हणाली, “आता मला कशाला घाई? त्या डोल्माच्या पोरीची परीक्षा आहे, तिला बसवा.”

फुंचोगचा धाकटा भाऊ तोबदन शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होता. वैशाखात खिंड उघडली तसा तो चालत वर आला आणि अंगणातूनच म्हणाला, “दोन शब्द कमी बोलली असतीस तर माझ्या भावाने तुझं तोंड बघितलं असतं. तो दाराकडे डोळे लावून गेला. तू वाऱ्याची बायको आहेस, त्याची नव्हेस.”

छिमेदने ऐकून घेतलं. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. पुढची कित्येक वर्षं त्या भिंतीतून टोमणे तेवढे जायचे, बोलणं नाही.

मग बोगदा झाला. कुल्लू सहा महिन्यांवर होतं ते तीन तासांवर आलं. हेलिकॉप्टर बंद झालं, वायरलेस उचलून नेला, मी निवृत्त झालो. खांब तेवढा राहिला, कारण उपटायला कुणी आलं नाही. छिमेद मात्र दर शरदात नवा मोजा शिवून चढवतच राहिली. आता ती साठीपुढची, खांबावर मी चढायचो. एकदा वरूनच विचारलं, “आता कुणासाठी गं हे?”

“वाऱ्यासाठी,” ती म्हणाली. “थंडी वाजत असेल त्याला.”

विनोद केला की खरंच म्हणाली, मला आजही माहीत नाही.

*

गेल्याच्या गेल्या वर्षीचा हिवाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. कार्तिकात वारा सुटला तो थांबायचं नावच घेईना, आणि बर्फ नाही. मंगसर, म्हणजे मार्गशीर्ष, कोरडा गेला. पूस, म्हणजे पौष, अर्धा सरला तरी शेतं तपकिरी, रस्त्यावर धूळ. समोरच्या शिखरांवर जो जुना बर्फ होता तोही वारा उडवून न्यायचा. दिवसभर प्रत्येक शिखराच्या टोकाला पांढरा धूर लागलेला दिसायचा, जणू वर कुणीतरी चुली पेटवून बसलंय. पुसात भागा नदी गोठून गप्प होते, ती त्या वर्षी उघडीच होती. घरात बसल्या जागी तिचा आवाज ऐकू यायचा. लोकांना झोप नीट लागेना. बर्फाच्या गाढ शांततेची आम्हाला सवय, आणि इथे रात्रभर दारं, पत्रे, पताका सगळं बोलत असायचं.

छिमेद सांगायची, “पहाटे मला वाटतं सगळं शांत झालंय. म्हणजे पडला. छपराएवढा पडला असणार. मी पडल्या पडल्या मनातच फावडं शोधते. मग डोळे उघडते, तर वाऱ्याने नुसती कूस बदललेली असते.”

“मलाही तसंच होतं,” रिगझिन म्हणाली. रिगझिन ही तोबदनची मुलगी, केलाँगच्या शाळेत विज्ञान शिकवते. बापाचं आणि काकूचं भांडण तिने कधी मानलंच नाही. रोज संध्याकाळी ती काकूच्या तंदूरपाशी येऊन बसायची. आमची तंदूर म्हणजे खोलीच्या मधोमध असलेली लोखंडी शेगडी, हिवाळाभर माणसं तिच्याभोवतीच असतात. रिगझिनने फोनवर ‘मौसम मंडळी’ नावाचा गट काढला होता. त्यात सिस्सूचा हॉटेलवाला, कुल्लूचा सफरचंदवाला, स्पितीची एक नर्स, असे हवामानाचं वेड असलेले साठ-सत्तर लोक. कोण कुठे किती थंडी, कुठून वारा, कुठे दोन कण पडले, दिवसभर तेच. आमच्या गावातून त्या गटात तीन माणसं होती, मी, रिगझिन आणि छिमेद. छिमेदकडे फोन नव्हता, तिचं म्हणणं रिगझिन लिहायची. आणि तोबदन? तो मुलीला न्यायला म्हणून यायचा, दाराशी बसायचा आणि चार कप मीठ-चहा पिऊन मगच उठायचा.

“विलायतेचं मॉडेल म्हणतंय शुक्रवारी डिस्टर्बन्स येतोय,” रिगझिन फोनवर बोट फिरवत म्हणाली. “अमेरिकेचं म्हणतंय नाही.” डिस्टर्बन्स म्हणजे पश्चिमेकडून येणारं, बर्फ आणणारं वादळ.

“आणि आपल्या घरचं मॉडेल काय म्हणतंय?” मी छिमेदकडे बघून विचारलं.

“येईल,” ती विणताना मान वर न करता म्हणाली. “पण रिकाम्या हाताने येईल.”

“का पण, आने?” रिगझिन काकूला आने म्हणते.

“वाऱ्याला वास नाही. बर्फ घेऊन येतो तेव्हा ओल्या दगडाचा वास असतो. हा नुसता धुळीचा.”

रिगझिनने ते तसंच गटावर लिहिलं. सिस्सूच्या हॉटेलवाल्याने लगेच हिरव्या गवताचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पुसात गवत! गिऱ्हाईक विचारतंय बर्फ कुठाय, मी काय फ्रीजमधला दाखवू?’ कुल्लूचा सफरचंदवाला म्हणाला, झाडांना पुरेशी थंडी मिळाली नाही तर फुलं धरणार नाहीत, आम्ही तर आता कलमं घेऊन तुमच्याकडे वर यायच्या बेतात आहोत.

“या की,” तोबदन दारातून म्हणाला. “आम्ही मग सामान घेऊन आभाळात जाऊ.” जरा थांबून पुढे म्हणाला, “बर्फ हल्ली कंत्राटदारासारखा झालाय. वर्षभर पत्ता नाही, मार्चअखेरीला सगळं एकदम उरकून टाकतो.”

सगळे हसले, छिमेदसुद्धा. तोबदनने ते पाहिलं आणि लगेच तोंड कडू केलं. “हसू नका. काही लोकांची वाऱ्याशी सोयरीक आहे. त्यांनी सांगावं त्याला जरा.”

रिगझिनने फोन बाजूला ठेवला. “वरती, तीस हजार फुटांवर एक वेगवान वारा वाहतो, आबा. तो या वर्षी सरकलाय. डिस्टर्बन्स आपल्यावरून न जाता उत्तरेकडून जातात, म्हणून नुसता वाऱ्याचा फटका बसतो, ढग येत नाहीत. आणि असं दर दोन-तीन वर्षांनी व्हायला लागलंय. शाळेची जुनी टिपणं काढून मुलांकडून हिशेब करून घेतलाय मी. बर्फ पुसातून सरकत सरकत फागुनात चाललाय.”

“एवढं कळतंय तर थांबवा की.”

“कळणं आणि थांबवणं वेगळं,” छिमेद म्हणाली. तोबदनकडे न बघता, सुया बदलत.

तोबदन उठला. चौथा कप तसाच राहिला.

*

हाल्डा आठवड्यावर आला. हाल्डा म्हणजे आमचं नवं वर्ष. शुक्पाच्या सुगंधी काटक्यांच्या जाड मशाली बांधायच्या, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक. लामांनी सांगितलेल्या वेळी सगळ्या गावाने त्या पेटवून, आरडाओरडा करत गावाबाहेर न्यायच्या आणि एका जागी टाकायच्या. वर्षाची सगळी पीडा त्यांच्याबरोबर जाते. दर वर्षी आम्ही त्या कमरेएवढ्या बर्फात खुपसायचो. चर्रर्र असा आवाज यायचा आणि धुराचा वास रात्रभर अंगाला राहायचा.

त्या वर्षी बर्फच नव्हता. प्रत्येक छपरावर गुरांचं वाळलेलं गवत रचलेलं, त्यावर एरवी बर्फाची गोधडी असते. आता ते उघडं, कुरकुरीत. आणि वारा. एक ठिणगी उडाली तर सव्वीस घरांचं गाव एका तासात संपलं असतं.

गोम्पाच्या, म्हणजे आमच्या मठाच्या अंगणात बैठक बसली. तोबदन म्हणाला, या वर्षी हाल्डा नको. म्हाताऱ्या माणसांना ते पटेना. हाल्डा मोडला तर पीडा घरातच राहणार. मेमे लामा, मेमे म्हणजे आजोबा, ऐंशीचे, सगळं शांतपणे ऐकत होते. पोथीप्रमाणे वेळ निघाली होती रात्री आठची.

“रात्री आठला पंचेचाळीसचा वारा दाखवतंय,” रिगझिन फोन बघून म्हणाली. “दुपारी तीनपासून पहाटेपर्यंत एकसारखा. मध्ये कुठेही खंड नाही.”

“मध्ये खंड आहे,” मागून आवाज आला.

छिमेद बायकांत बसली होती. सगळे वळले तशी ती अवघडली, पण बोलली. “दिवसाचा वारा खालून वर येतो. रात्रीचा वरून खाली उतरतो. दोघांची गाठ पडते तेव्हा थोडा वेळ कुणीच कुणाला ढकलत नाही. मोजा खाली पडतो. थुक्पा उकळायला लागेल एवढाच वेळ. पण पडतो.”

“कधी?” लामांनी विचारलं.

“ऊन समोरच्या कड्यावरून उतरलं की. पहिला तारा दिसायच्या आत.”

“आणि नाही पडला तर?” तोबदन म्हणाला.

“नाही पडला तर मशाली पेटवायच्या नाहीत. मी तिथे उभी असेन. मी सांगेन.”

“तू सांगशील!” तोबदन एवढंच म्हणाला, पण अंगणातल्या प्रत्येकाला त्यातलं उरलेलं ऐकू आलं.

मेमे लामा बराच वेळ माळ ओढत राहिले. मग म्हणाले, “पोथीत तास लिहिलाय. वारा लिहिलेला नाही. ज्यांनी पोथी लिहिली त्यांच्या छपरावर बर्फ असायचा. छिमेद सांगेल तेव्हा.”

मशाली विझवायच्या कुठे, हा पुढचा प्रश्न. तो तिनेच सोडवला. नाल्याच्या सावलीत, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे जाड बर्फाच्या लाद्या धरल्या होत्या. दोन दिवस सगळ्या गावाने त्या पहारीने फोडल्या, पाठीवरच्या टोपल्यांतून वाहिल्या आणि मैदानावर, त्या पुसट झालेल्या चुन्याच्या अक्षरावर त्यांचा ढीग रचला. उतारावरच्या घरांनी छपरावरचं गवत खाली उतरवून गोठ्यात भरावं असंही तिने सांगितलं. सगळ्यांनी उतरवलं. तोबदनने उतरवलं नाही. हाल्ड्याच्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तो छपरावर एकटाच उभा होता, गवताकडे बघत. तासाभराने पुन्हा पाहिलं तर तो गवताचे भारे खाली टाकत होता आणि रिगझिन ते ओढून नेत होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याने परत वर चढवले असते.

ऊन कड्यावरून उतरलं. मैदानाच्या कडेला सगळं गाव मशाली काखेत धरून उभं. मोजा खांबावर आडवा, ताठ, फडफडत. छिमेद खांबाला तळवा टेकून उभी होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आभाळ जांभळं झालं. मोजा तसाच.

“चला घरी,” कुणीतरी पुटपुटलं.

“तारा निघेल आता,” दुसरं म्हणालं.

छिमेदने डोळे मिटले होते. मला वाटलं, तिला काही ऐकू येतंय. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “खांब थरथरतो ना, तो आधी थांबतो. कापडाला मागाहून कळतं.”

ती म्हणाली, “पेटवा.”

“अजून फडफडतोय!” तोबदन ओरडला.

“पेटवा म्हणते ना!”

लामांच्या हातातली पहिली मशाल पेटली. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. आणि तेवढ्यात मोजा सैल झाला, एकदा हलला आणि खांबाला चिकटून उभा लोंबत राहिला. इतकी शांतता झाली की आपल्याच कानांचा आवाज येईल. रोज या वेळी घरात असल्याने तीन महिन्यांत आम्ही ती पहिल्यांदाच ऐकली. ज्वाळा सरळ वर जायला लागल्या, विणायच्या सुयांसारख्या नीट, सरळ. शुक्पाचा धूर कुठेही न जाता आमच्याचभोवती थांबला. सगळ्यांनी आरोळी दिली, पण नेहमीसारखी रांगडी नाही. हळू, जपून, झोपलेल्या मुलाला न उठवता ओरडावं तशी. एकेक जण पुढे जाऊन मशाल बर्फावर टाकत होता. बर्फ आतून केशरी दिसायला लागला, लाद्यांमधले बुडबुडे, अडकलेली पानं, सगळं उजळलं. डोळ्यांना ते खरं वाटत नव्हतं.

“अगं, वरून देवांना वाटेल उतरायची जागा दाखवतायत,” एक म्हातारी म्हणाली आणि हसणं पसरलं.

मग आम्ही टोपल्यांनी बर्फाचा चुरा ओतून शेवटचे निखारे विझवले. छिमेद खांबापाशीच होती. “झालं का?” तिने दोनदा विचारलं. “झालं,” मी म्हणालो. थोड्या वेळाने मोज्याचं टोक किंचित उचललं, आता उलट्या दिशेला. वरचा वारा उतरत होता.

लोक घरी मारचूच्या पुऱ्या तळायला आणि जवाची छांग प्यायला निघाले. आम्ही तिघंच उरलो. तोबदन बर्फाच्या ढिगाला टाचेने ढोसत होता. मग वर न बघता त्याने विचारलं, “त्या अकरा दिवसांतही पडत होता का असा? संध्याकाळी?”

छिमेदने खांबावरचा तळवा काढला. “पडत होता. रोज.”

“मग?”

“हेलिकॉप्टर अंधारात उडत नाही, तोबदन. येईपर्यंत वरचा वारा उतरला असता.” तिने पदर डोक्यावर ओढला. “मी रोज संध्याकाळी इथे येऊन उभी राहायची. तेवढा वेळ वाटायचं, आता चालत गेलं तरी पोचेन. मग परत सुरू व्हायचा.”

तोबदन खाली वाकला. रिकाम्या टोपल्या गोळा केल्या, एकात एक घातल्या, तिचीही त्यात घातली आणि पाठीवर घेऊन पुढे चालायला लागला.

*

बर्फ आला तो मार्चच्या शेवटी. चार दिवस, ओला, जड, छपरं करकरतील असा. वर दोन ठिकाणी कडे कोसळले, बोगद्याच्या तोंडाशी रस्ता तीन दिवस बंद होता, मटाराची पेरणी लांबली. गटावर सफरचंदवाला रडत होता, हॉटेलवाला नाचत होता. रिगझिनने वाटोळ्या वाट्या फिरणारं वारा मोजायचं यंत्र मागवून शाळेच्या छपरावर बसवलं. छिमेद एकदा जाऊन बघून आली. म्हणाली, “चांगलंय. जेवण मात्र करत नाही बिचारं.”

बोगदा होऊन चार वर्षं झाली तरी ती त्यातून कधी गेली नव्हती. मुलगा कुल्लूहून दर वेळी बोलवायचा, दर वेळी ती म्हणायची गुरं कोण बघणार. वैशाखात तिला नात झाली. रिगझिनने निरोप आणला तेव्हा तोबदन नेहमीप्रमाणे दाराशी चहा पीत होता.

“गुरं मी बघतो,” तो म्हणाला.

 छिमेदने त्याचा कप पुन्हा भरला. “लाल गाय लाथ मारते,” ती म्हणाली.

“माहितेय. भिंतीतून ऐकतोय मी बारा वर्षं.”

तिला पोचवायला मी बरोबर गेलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली. बोगद्यात शिरलो तशी तिने काच सरकवून तळहात बाहेर धरला. पिवळे दिवे तिच्या तोंडावरून एकामागून एक जात होते.

“हा वारा कुणाचा?” तिने विचारलं.

“वर पंखे लावलेत. धूर बाहेर काढायला.”

ती वर बघत राहिली. एक पंखा गेला, दुसरा गेला. “दिवस नाही, रात्र नाही,” ती पुटपुटली. “थकत असेल.”

मग बाहेर पडलो. पलीकडे पाऊस पडत होता, देवदार भिजून काळे झाले होते, ढग रस्त्यावर उतरले होते. ड्रायव्हरने सगळ्यांना काचा लावायला सांगितलं. तिने लावली नाही. ओला तळहात तिने उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “इकडच्याची आणि माझी अजून ओळख नाही.”

आणि खांद्यापर्यंत भिजत, हात तसाच बाहेर ठेवून, ती बघत बसली.